काकाजींचे खडक

त्यांच्या अंगणात शिरायचं तर आधी डोक्यावर हेल्मेट घालावं लागे. फाटकाच्या आतल्या खुंटीला दोन हेल्मेटं टांगलेली असत, एक त्यांचं आणि एक पाहुण्याचं. अंगणात सात माड होते. शेजारच्या नाखविणीच्या बकरीच्या पाठीत एकदा नारळ पडला आणि बकरी जागची उठली नाही, तेव्हापासूनचा हा नियम. फाटकापासून ओटीपर्यंत जेमतेम पंधरा पावलं. पण तेवढ्यासाठी गॅसवाल्यापासून मतं मागायला आलेल्या पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांना ते डोक्यावर चढवावं लागे. कोणी हसलं की म्हणत, "नारलाला डोले असतात म्हनतात. असतील. पन त्याला तुमची वलख न्हाय."

आम्ही वाशीमकडचे. मी सातवीत शाळा सोडली. सोडली कसली, सुटली. लग्नानंतर नवऱ्याला नागावच्या पुढे एका कोळीवाड्यात, बर्फाच्या कारखान्यात काम लागलं म्हणून इकडे आलो. समुद्र मी तोवर पाहिलेला नव्हता. एवढं पाणी रोज मागे जातं आणि रोज परत दाराशी येतं, याचीच मला पहिलं वर्षभर धास्ती वाटे. त्यांच्या मागच्या पडवीतली खोली आम्ही भाड्याने घेतली. आमच्याकडे वडिलांच्या वयाच्या माणसाला काकाजी म्हणतात, तशी मी हाक मारली. नाखवीण पोट धरून हसली. "काकाजी! आमी त्याला येराच म्हनताव, गो बाय!" येरा म्हणजे वेडा. पण दोन महिन्यांत आख्खी आळी काकाजी म्हणू लागली.

इथेही मी काकाजीच म्हणते, नाव लिहीत नाही. त्यांचं नाव मी एका नोटिशीत छापलेलं पाहिलं, आणि त्याच्या खाली माझं. तेव्हापासून छापलेलं नाव दिसलं की मला बरं वाटत नाही.

कोळ्याच्या घरात जन्मूनही ते मासेमारीला गेले नव्हते. मालवाहू जहाजांवर वायरलेस सांभाळत जग फिरले आणि उतारवयात गावी येऊन बोटींवरची यंत्रं दुरुस्त करू लागले. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. बोलणं अर्धं कोळीवाड्याचं, अर्धं पुस्तकी. कॉम्प्युटरचं काम ते फक्त सुकतीला करत. खाडीचं पाणी उतरायला लागलं की लॅपटॉप बाहेर काढायचा, भरती लागली की आत ठेवायचा. भरतीला हाताने चुका जास्त होतात असं त्यांचं म्हणणं. खारी हवा लागू नये म्हणून तो लॅपटॉप तांदळाच्या पत्र्याच्या डब्यात राही, आणि मग बटणांच्या फटीतून एखादा तांदूळ निघे. तो ते उचलून परत डब्यात टाकत. चहात साखरेऐवजी मीठ घालत आणि त्यात पाव बुडवून खात. मला एकदा प्यायला लावला. मी प्याले, घरमालक होते.

त्यांनी फोनसाठी एक प्रोग्राम बनवला होता. खाडीच्या तोंडाशी आणि बाहेर समुद्रात पाण्याखाली खडक आहेत, बुडालेल्या होड्यांचे सांगाडे आहेत, जुन्या जाळ्यांचे मोडके खुंट आहेत. बोटीचा तळ घासला किंवा जाळं फाटलं की ती जागा तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, काकाजींना सांगायची. ते ती यादीत घालत. मग यादी जेट्टीवर एका फोनातून दुसऱ्या फोनात जाई. त्या जागेजवळ दुसरी बोट आली की फोन मोठ्याने बोले. नेट लागत नसे, काही द्यावं लागत नसे. उघडल्यावर पहिल्याच पानावर त्यांनी लिहिलं होतं: "घ्या, उघडून आतलं बघा, बदला, पुढे द्या. नावं पुसू नका."

नावांबद्दल ते फार कडक होते. प्रत्येक खडकापुढे, तो ज्याच्यामुळे कळला त्याचं नाव. एकदा एका बोटीने खडक घेतला तेव्हा सुकाणू उत्तर प्रदेशातून आलेल्या खलाशाच्या हातात होतं. बोटीचा मालक फुशारकीने आपलं नाव सांगायला आला. काकाजींनी विचारलं, "तवा तू कुठं व्हतास?"

"मी झोपलो व्हतो ना."

"मग झोपल्याचा नाव कसा लिहू?" आणि खलाशाचं नाव लिहिलं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कोळीवाड्यातलं जुनंच असेल, पण मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. "मासलीची जागा बायकोला पन सांगू नये, आन् खडकाची जागा वैऱ्याला पन सांगावी."

फोनात बोलणारा आवाज माझा होता. त्यांना मोतीबिंदू झाला तेव्हा मी त्यांना अक्षरं वाचून दाखवू लागले, आणि एक दिवस त्यांनी माझ्यासमोर फोन धरून सांगितलं, वाच. मी वाचलं, "पुढे खडक आहे. डावीकडे वळवा." आमच्याकडे वळवाचं वयवा होतं. जेट्टीवर फोनातून "डावीकडे वयवा" ऐकून बायका हसून लोळल्या. मी रडकुंडीला आले, म्हटलं पुन्हा बोलते, नीट बोलते. काकाजींनी ऐकलं नाही. "ही वयवा म्हनते, आमी वलवा म्हनताव. बोट वलली का झाला." आणि प्रोग्राम बनवणाऱ्यांच्या जागी आपल्या नावाखाली माझं नाव घातलं. मी नको म्हणाले. ते म्हणाले, "आवाज कोनाचा? मग?"

त्या दिवशी मी घरी फोन करून आईला सांगितलं, माझं नाव कॉम्प्युटरात आहे. तिला काही कळलं नाही, पण तिने शेजारणीला हाक मारून सांगितलं. पुढे कॉलेजातल्या एका मुलाने तो प्रोग्राम नेटवर चढवून दिला आणि कुठल्या कुठल्या किनाऱ्यांवरचे लोक तो घेऊ लागले. त्याच सुमारास जुना लॅपटॉप खाऱ्या हवेने मरायला टेकला. नव्यात सगळं मीच आणलं. जुना मध्येच बंद पडे, म्हणून एकेक फाईल उघडून नव्याने सेव्ह करत तीन दिवस बसले. जुना भंगारात गेला. काकाजींनी माझी पाठ थोपटली. मला वाटलं, सातवी शिकलेल्या बाईने केवढं काम केलं.

मग एक दिवस एक पाहुणा आला. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणारा. राहायला खोली बघतोय म्हणाला. काकाजी जेट्टीवर होते. मी चहा दिला, साखरेचा. त्याने प्रोग्रामचं नाव काढलं, "ताई, तो आवाज तुमचा? कमाल आहे!" म्हणाला. माझं कौतुक शहरातल्या माणसाने कधी केलेलं नव्हतं. मी लॅपटॉप डब्यातून काढला, उघडला, सगळ्या फायली दाखवल्या. त्याने फोटो काढू का विचारलं. मी म्हटलं, काढा की.

महिन्याने नोटीस आली.

ती इंग्रजीत होती. कॉलेजच्या त्या मुलाने वाचून सांगितली. शहरातली एक कंपनी बोटींसाठी यंत्रं विकते. बोटींकडून धोक्याच्या जागा गोळा करायच्या आणि दुसरी बोट जवळ आली की आवाजाने सावध करायचं, या पद्धतीवर त्यांनी पेटंट घेतलं होतं. तुमचा प्रोग्राम आमची पद्धत चोरतो, फुकट वाटून आमचं नुकसान करतो. पंधरा दिवसांत बंद करा, सगळी यादी आमच्या ताब्यात द्या, सोबतच्या हमीपत्रावर सही करा. नाहीतर मुंबईच्या कोर्टात. खाली आमची दोन नावं. आणि शेवटच्या पानावर पुरावा म्हणून आमच्या लॅपटॉपचा फोटो. फायलींच्या नावापुढे तारखा होत्या. सगळ्या एकाच आठवड्याच्या, आणि तो आठवडा कंपनीने पेटंटसाठी अर्ज केला त्याच्या कितीतरी नंतरचा.

त्या तारखा माझ्या होत्या. मी सेव्ह केलेल्या दिवसांच्या.

मी कोणाला काही बोलले नाही. नवरा म्हणाला, सामान बांधू, वाशीमला जाऊ. मी म्हटलं, कोर्टाचा माणूस वाशीमला पण येतो. काकाजींनी मात्र नोटीस दोनदा वाचून घेतली, घडी घातली आणि तांदळाच्या डब्यात ठेवली.

तिसऱ्या दिवशी आम्ही अलिबागला एका वकीलबाईंकडे गेलो. कोर्टाच्या मागच्या गल्लीत त्यांचं लहानसं ऑफिस होतं. वाचता वाचता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"नुसत्या प्रोग्रामवर आपल्याकडे पेटंट मिळत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून हे लोक पद्धत आणि यंत्र असं लिहून घेतात. ते टिकेल न टिकेल, पण लढायला तुम्हाला वर्षं लागतील. यांना ते माहीत आहे. घाबरून सही करावी म्हणून तर नोटीस असते."

"आमच्यात तर आज्या-पणज्यापासनं सांगतात, खडक कुठं हाय ते," काकाजी म्हणाले.

"ते तोंडी झालं. त्यांच्या अर्जाच्या आधीपासून हा प्रोग्राम लोकांत उघड वापरात होता, असं दाखवता आलं तर त्यांचा दावा ढासळतो. पण तारीख लागेल. नेटवर तुम्ही नंतर चढवलंत. फायली पण नंतरच्या दिसतात. आधीचं काही?"

जुना लॅपटॉप भंगारात गेला होता.

निघताना त्या म्हणाल्या, "आणि उत्तर जाईपर्यंत यादीत नवीन काही घालू नका. म्हणतील, नोटीस मिळूनही चालूच ठेवलं."

सहाव्या दिवशी एक तांडेल ओला निथळत ओटीवर आला. खाडीच्या तोंडाशी बुडालेला मालवाहू बार्ज लाटांनी सरकला होता, त्याचं लोखंड आता बोटींच्या वाटेवरच आलं होतं. त्याच्या बोटीच्या तळाला हातभर फट पडली होती, सगळे कसेबसे वाचले होते. काकाजींनी लॅपटॉप काढला. मला म्हणाले, "बोल, पुढे बुडालेला बार्ज आहे."

मी म्हटलं, "वकीलबाई नाही म्हणाल्या ना, काकाजी."

"त्या अलिबागला असतात. बार्ज हितं हाय."

"मले नाही जमणार. माझं नाव हाय त्याच्यात."

ते रागावले नाहीत. लॅपटॉप परत डब्यात ठेवला, हेल्मेट घातलं आणि बाहेर पडले. अंगण संपल्यावर ते काढायचं असतं, ते विसरले.

जेट्टीच्या टोकाला जाऊन ते उभे राहिले. जाणाऱ्या प्रत्येक बोटीला तोंडाशी हात धरून ओरडून सांगायचे, बार्ज कुठे सरकलाय, कुठली खूण कुठल्या खुणेच्या रेषेत धरायची. इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नाही तर पुन्हा. दुपारी, संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळी. सत्तरी ओलांडलेला माणूस, डोक्यावर हेल्मेट, उन्हात उभा. पोरं हसली. नाखवीण मासळीची टोपली घेऊन चालली होती, ती म्हणाली, "येरा झालास काय? घसा फाटंल."

"तोंडानं सांगायला त्यांचं पेटंट लागत न्हाय ना अजून?" त्यांनी विचारलं.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या घशातून नुसती हवा येऊ लागली. बाहेरगावची एक बोट निघाली होती. ते हात हलवत होते, आवाज नव्हता. बोटीवरच्या माणसाने आपलाही हात हलवला, निरोप समजून. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभी होते. तांब्या टाकला आणि मी ओरडले. आयुष्यात एवढ्या जोरात मी ओरडले नसेन. "डावीकडे वयवा! डावीकडे! बार्ज हाय!"

बोट वळली.

मी तिथेच खाली बसले आणि रडत रडत सांगून टाकलं. पाहुणा घरी आला होता, लॅपटॉप मीच दाखवला, फोटो मीच काढू दिला, त्या तारखा माझ्यामुळे. सगळं माझ्यामुळे झालं.

काकाजी बाजूला बसले. फुसफुसत म्हणाले, "फोटोच्या कोपऱ्यात हिरव्या बांगड्या दिसतात. पहिल्याच दिवशी बघितल्या मी."

"मग बोलले काऊन नाही?"

"काय बोलू? पावन्याला घर दाखवलंस. घर दाखवायचाच असतं."

त्याच दिवशी मी बार्जचं वाक्य बोलले. त्यांनी ते यादीत घातलं आणि रोजच्यासारखी नोंद केली: नाव, जागा, तिथी, वार. तारीख ते कधीच घालत नसत. तांडेल जसं सांगे, कार्तिक वद्य नवमी, बुधवार, सुकती अर्धी झालेली, तसंच लिहीत. समुद्र तिथीने चालतो, म्हणत. त्याला इंग्रजी महिने कोणी शिकवलेले नाहीत. वकीलबाईंनी ती यादी पाहून मान हलवली होती. तिथी दरवर्षी येते, साल कुठे आहे?

पण त्या दिवशी मी त्यांच्या नोंदीखाली जुन्या नोंदी वाचत गेले. भीती वाटली की मी काहीतरी वाचत बसते, तशी. आणि एका ओळीवर थांबले. "अधिक आश्विन, संकष्टी, सोमवार, सकाळची सुकती."

अधिक महिना म्हणजे आमच्याकडे धोंड्याचा महिना. जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं. तो आश्विनातला धोंडा मी कशी विसरेन? तोंडाला फडकी बांधून फिरायचं ते साल. आईने जावयाला बोलावलं होतं, पण जायचं कसं? मी मागच्या दारी रडत बसले होते. काकाजींनी कारण विचारलं आणि संध्याकाळी माझ्या नवऱ्याला पाटावर बसवून, नवा टॉवेल देऊन, वर तळलेले बोंबील वाढले. अधिक महिन्यात बोंबील! ते म्हणाले, "तुज्या आईला कलवू नको. जावई जेवला, एवढाच सांग." नवऱ्याने सोळा खाल्ले.

मी पळत नाखविणीकडे गेले, तिच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, मग देवळातल्या गुरवाला विचारलं. तो म्हणाला, आश्विन अधिक येतो एकोणीस-एकोणीस वर्षांनी. म्हणजे ती नोंद दुसऱ्या कुठल्या सालची असूच शकत नव्हती. कंपनीचा अर्ज त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातला होता.

मी काकाजींसमोर उभी राहिले आणि बोलताच येईना. ते म्हणाले, "बस आधी. पानी पी. कोन मेला?"

वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "चांगलं आहे. पण तिथी नंतरही लिहिता येते, असं म्हणतील. त्या दिवशीचा दुसरा कागद शोधा." आता कुठली बोट शोधायची ते तरी कळलं होतं. नोंदीपुढे जो तांडेल होता त्याच्या घरी गेलो. तो मुलखाचा आळशी, पण त्याच्या आईने पत्र्याच्या पेटीतून कागद काढला. बोट फुटली म्हणून त्यांनी तेव्हा मत्स्य खात्याकडे अर्ज केला होता, त्याची पोच दिलेली प्रत. शिक्का आणि तारीख. आणि अर्जात कोणाच्या तरी वळणदार अक्षरात लिहिलेलं: "सदर खडकाची जागा आम्ही गावातील फोनच्या यादीत घालून सर्व बोटींना कळविली आहे."

वकीलबाईंनी तो कागद उजेडात धरून वाचला. "हे बळकट आहे," त्या म्हणाल्या. "पण खात्री मी देणार नाही. कोर्टात गेलात तर हेलपाटे आहेतच. ठरवायचं तुम्ही."

पंधराव्या दिवशी कंपनीचा तो पाहुणा स्वतः आला, हमीपत्र घेऊन. फाटकात त्याने निमूट हेल्मेट घातलं. ओटीवर आम्ही तिघंच. नवरा दाराच्या चौकटीला धरून उभा. काकाजींनी पोचपावतीची झेरॉक्स त्याच्यापुढे सरकवली. त्याने वाचली, चेहरा फारसा हलला नाही.

"काका, असे कागद आमचे वकील रोज बघतात," तो म्हणाला. "कशाला या वयात त्रास? एक सही करा, विषय संपला. ताईंचं नाव पण आजच काढतो."

"आन् खडक?"

"ते आमच्या यंत्रात येतील. व्यवस्थित."

"यंत्र न्हाय घेतला त्याचा काय?"

"काका, कंपनी आहे. धर्मशाळा नाही."

काकाजींनी हमीपत्र हातात घेतलं, पेन उघडलं. मला वाटलं, करतात आता सही. आणि खरं सांगते, क्षणभर बरंच वाटलं. मग त्यांनी कागद आणि पेन दोन्ही माझ्याकडे सरकवलं. घसा अजून बसलेलाच होता.

"पहिला नाव माझा, दुसरा हिचा. माझे दिवस झाले. पुढचा भोगायचा ते हिला. ही म्हनली सही कर, तर मी करतो. न्हाय म्हनली तर न्हाय."

मला त्यांचा राग आला. असं कोणी विचारतं का? सातवी शिकलेल्या बाईला? नवऱ्याकडे पाहिलं, तो जमिनीकडे बघत होता. पाहुणा पुढे वाकून हळू म्हणाला, "ताई, कोर्ट मुंबईत असतं. वर्षानुवर्षं चालतं. तुम्हाला झेपेल का?"

नसतंच झेपलं. ते मला ठाऊक होतं. पण जेट्टीवर हात हलवणारा तो बोटीवरचा माणूस डोळ्यांपुढून जाईना, निरोप समजून हसणारा.

"मले लई भेव वाटते," मी म्हटलं. "कोर्ट कसं असते मले ठाऊक नाही. सही नोका करू, काकाजी."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. पाहुण्याला विचारलं, "चा घेनार? आमच्यात मिठाचा असतो."

तो चहा न घेताच गेला. उत्तर गेलं, पोचपावती गेली, बावीस नाखव्यांच्या सह्या गेल्या. नंतर काहीच आलं नाही. खटला नाही, माघारही नाही. वकीलबाई म्हणाल्या, असंच असतं, धमकी परत घ्यायला कोणी येत नाही. काकाजींना त्याचं काही वाटलं नाही. मला मात्र रोज वाटे. दारापुढे स्कूटर थांबली की हातातलं काम सुटे. ते मला म्हणत, "तू भीत राहा. भितो तो समोर बघून बोट चालवतो." ही थट्टा होती की शिकवण, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण नाव काढू का, असं त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही, आणि मीही म्हटलं नाही.

गेल्या श्रावणात ते गेले. आजारी असे चार दिवसच होते. घर त्यांच्या पुतण्याचं झालं. त्याने आम्हाला राहू दिलं. तांडेल खडक सांगायला अजून येतात, मी लिहून घेते, तिथी आणि वार, आणि आता शेजारी तारीखसुद्धा.

दिवाळीनंतर एका दुपारी पोस्टमन रजिस्टर घेऊन आला. जाड लिफाफा, कोपऱ्यात त्याच कंपनीच्या वकिलांचा शिक्का, वर काकाजींचं नाव. पोस्टमन ओळखीचा, भला माणूस. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "वहिनी, माणूस गेला ना? मयत असा शेरा मारून परत पाठवतो. तुम्हाला काय ताप नको."

तो शेरा लिहायला लागलासुद्धा. एवढी सोपी वाट मला आजवर कोणी दाखवली नव्हती. मी चौकटीला धरून उभी राहिले, आणि तो 'म' काढतोय तेवढ्यात म्हटलं, "भाऊ, थांबा. आत दोघांची नावं असतील. दुसरं माझं हाय."

त्याने पेन माझ्याकडे दिलं. सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं, आणि मी केली.